‘आलम आरा’ची फीत कुठे गेली?

14 मार्च 1931 रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला. भारतातला हा पहिला बोलपट. कथा जोसेफ डेव्हिड यांच्या नाटकावरची आणि भाषा पारशी रंगभूमीवर रुळलेली हिंदुस्तानी, म्हणजे आपली बोलती उर्दू. आज या चित्रपटाची एकही प्रत उपलब्ध नाही. पहिला म्हणून आपण त्याचा अभिमान बाळगतो. पण तो ज्या टंचाईत घडला, त्याच टंचाईत नाहीसाही झाला, हे सहसा कोणी सांगत नाही.

दिग्दर्शक अर्देशीर इराणी यांच्याकडे ध्वनिरोधक स्टुडिओ नव्हता. शेजारून रेल्वेमार्ग जात होता, म्हणून गाड्या थांबल्या की रात्री चित्रीकरण चाले. अमेरिकेहून आलेल्या विल्फर्ड डेमिंग या तंत्रज्ञाचं रोजचं मानधन परवडत नव्हतं. तेव्हा इराणी आणि त्यांचे सहकारी रुस्तम भरुचा यांनी ध्वनिमुद्रण स्वतःच शिकून घेतलं. पार्श्वगायन अजून आलं नव्हतं. कलाकार कॅमेऱ्यासमोर गायचे, वादक आडोशाला बसायचे आणि मायक्रोफोन कुठेतरी लपवलेला असायचा.

सगळ्यात मोठी अडचण फितीची होती. चित्र आणि आवाज एकाच फितीवर नोंदवले जात. पण चित्राचा आवाज त्या चित्राशेजारी नसून थोडा पुढेमागे असतो. त्यामुळे चित्र जिथे कापावं, तिथे दुसराच आवाज तुटतो. मध्येच कोणी शब्द चुकला की संपूर्ण शॉट पुन्हा घ्यावा लागे आणि वापरलेली फिल्म वाया जाई. कच्ची फिल्म तर सगळी परदेशातून यायची. नायक मास्टर विठ्ठल हे मराठी नट. त्यांचे उर्दू उच्चार जमेनात, म्हणून त्यांच्या भूमिकेतले संवादच कमी केले, असं सांगितलं जातं.

त्या काळची नायट्रेट फिल्म चटकन पेट घेई आणि आपल्या उष्ण, दमट हवेत खराब होई. चित्रपट उतरला की ती सांभाळणं म्हणजे नुसता खर्च. पण कृष्णधवल फितीच्या थरात चांदी असते आणि चांदीला भाव होता. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 मध्ये उभं राहिलं, तोवर 33 वर्षं उलटली होती. संग्रहालय उभारणारे पी. के. नायर यांनी निर्मात्याच्या घरी चौकशी केली, तेव्हा चांदी काढून घेऊन रिळं मोडीत काढल्याचं त्यांना समजलं, असं त्यांनीच सांगितलं आहे.

याचा दोष एका कुटुंबावर टाकून मोकळं होणं सोपं आहे. पण जपायला जागा नाही, पैसा नाही आणि समाजाला त्याची किंमत नाही, तेव्हा माणूस जे विकलं जातं तेच विकतो. त्या चांदीबरोबर जुबेदाचा अभिनय गेला, फकिराच्या भूमिकेतल्या डब्ल्यू. एम. खान यांचं गाणं गेलं आणि 1931 सालची उर्दू पडद्यावर कशी बोलली गेली, याचा पुरावाही गेला. आता उरली आहेत काही छायाचित्रं, जाहिराती आणि आठवणी.

आपल्या मोहल्ल्यांत आजही मुशायऱ्यांच्या, कव्वालीच्या जुन्या टेप आणि कॅसेट माळ्यावर पडून आहेत. भंगारवाला त्यांचं फक्त वजन करील. त्यावर कोणाचा आवाज आहे, हे आपल्यालाच बघावं लागेल.