रॉक कुणाचा, डफडं कुणाचं?

रॉक मला आवडतो. खोटं कशाला बोलू? पण त्याचा इतिहास गोऱ्यांच्या चोपडीत पाहू नका. लेड झेपलिनचं 'होल लोटा लव्ह' आलं 1969 ला. त्यातले शब्द काळ्या विली डिक्सनच्या गाण्यातून उचललेले. ते मडी वॉटर्सनं 1962 मध्येच गायलं होतं. डिक्सननं 1985 मध्ये दावा ठोकला, 1987 मध्ये तडजोड झाली, तेव्हा कुठं त्याचं नाव लागलं. अठरा वर्षं!

जाझ मला त्याहून मोठा वाटतो. 15 सप्टेंबर 1963 ला बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये गोऱ्यांनी बॉम्ब फोडला. चार काळ्या पोरी मेल्या. दोन महिन्यांनी जॉन कोल्ट्रेननं 'अलाबामा' वाजवलं. शब्द एक नाही. नुसता सॅक्सोफोन रडतो.

हे यवतमाळात बसून काहून सांगतो? इकडंही तेच. लग्न पाटलाचं, मिरवणूक देवाची, डफडं मांगाचं. अन् वाजवणारा देवळाबाहेर. 1956 च्या धर्मांतरानंतर कित्येकांनी गावकीची कामं टाकली. बरंच केलं, ती कला नव्हती, वेठ होती. पण ताल वेठीचा नव्हता, आपल्या हाताचा होता. काळ्यांनी गुलामी झुगारली, ताल नाही झुगारला.

म्हणून म्हणतो बापहो, गावागावातल्या डफडेवाल्या म्हाताऱ्यांची नावं आपणच लिहून ठेवा. आपला डिक्सन कोर्टात जायला जिवंत राहणार नाही.