मिथुन, तूळ आणि ॲस्पिरिन

हॅमिल्टन म्हणजे पोलादाचं गाव. टोरांटोहून नायगाराकडे जाताना पाण्याकाठी कारखान्यांची धुराडी दिसतात ना, तेच. आम्हा इंजिनियर मंडळींना त्याची तेवढीच ओळख. पण इथल्या मॅकमास्टर विद्यापीठात १९६७ साली डेव्हिड सॅकेट नावाचा बत्तिशीतला डॉक्टर आला आणि त्याने डॉक्टरांना चक्क संख्याशास्त्राच्या नादी लावलं.

१९७८ साली कॅनडाची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिचे प्रमुख होते लंडनचे (आमच्या ऑन्टारिओतल्या, राणीच्या नव्हे!) डॉ. हेन्री बार्नेट, आणि आकडेमोडीची बाजू सॅकेट व मायकेल जेंट या हॅमिल्टनकरांकडे. पक्षाघाताचे इशारे मिळालेले ५८५ रुग्ण घेऊन, कोणाला कुठलं औषध ते नशिबावर सोडलं. ॲस्पिरिनमुळे पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका ३१ टक्क्यांनी घटला. इथवर उत्तम. मग स्त्री-पुरुष वेगळे करून पाहिले. पुरुषांत घट ४८ टक्के, बायकांत फायदा दिसेना!

आता गंमत बघा. नाणं दहा वेळा उडवलं तर सात किंवा जास्त छापे सहातून एकदा तरी पडतात. शंभरात सत्तर पडले तर मात्र नाणं तपासायला घ्या. तोच प्रयोग दर वेळी नवी माणसं घेऊन पुन्हा पुन्हा केला, तर उत्तरं खऱ्या आकड्याभोवती विखुरतात. हे विखुरणं म्हणजेच नमुना-वितरण. माणसं चौपट केली तर पसारा फक्त निम्मा होतो. आणि या चाचणीत बायका होत्या एक तृतीयांशाहूनही कमी. त्यांतल्या पक्षाघात झालेल्या तर मोजक्याच. एवढ्याशा आकड्यांतून 'फायदा नाही' असं सिद्ध होत नाही, 'दिसला नाही' एवढंच म्हणता येतं.

पण १९८० साली अमेरिकन सरकारने या वापराला मान्यता दिली ती फक्त पुरुषांसाठी.

१९८८ मध्ये ऑक्सफर्डच्या रिचर्ड पीटो आणि मंडळींनी याची मस्त खिल्ली उडवली. हृदयविकाराच्या झटक्याचे १७,१८७ रुग्ण, ॲस्पिरिनचा फायदा स्वच्छ. 'लॅन्सेट'च्या संपादकांनी गटवार आकडे मागितले, तेव्हा यांनी राशीवार दिले! मिथुन आणि तूळवाल्यांना ॲस्पिरिन किंचित बाधलं, बाकी दहा राशींना लाभलं. (या सूर्यराशी बरं का, आपल्या पत्रिकेतली चंद्ररास नव्हे.) एवढ्या मोठ्या चाचणीचेसुद्धा बारा तुकडे केले की असं होतं. मग ५८५ जणांच्या तुकड्यांचं काय?

१९९४ साली शंभराहून जास्त चाचण्यांचे आकडे एकत्र केले, तेव्हा स्त्री-पुरुषांना सारखाच फायदा दिसला. (म्हणून उद्यापासून गोळी सुरू करू नका. रक्तस्रावाचा धोका असतो, डॉक्टरांना विचारा.) अमेरिकेत बायकांसाठी ती मान्यता यायला १९९८ उजाडलं. मधल्या १८ वर्षांत किती जणींना ती गोळी मिळाली नसेल, याचा हिशेब कुठल्या चाचणीत नाही.