समासातली नोंद राहते कुठे?

गेल्या वर्षी प्रबंधाचे काम ऐन भरात असताना माझ्या टॅबलेटने मान टाकली. नवा टॅबलेट आणला, क्लाउडवरच्या साऱ्या पीडीएफ त्यात उतरवून घेतल्या. फायली जशाच्या तशा होत्या, एकही पान गहाळ नव्हते. गहाळ होत्या त्या माझ्या नोंदी. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड (१८९८) चार महिने खपून वाचला होता. त्यावरच्या खुणा, जुळवलेल्या तारखा, ‘हे पत्र पुन्हा पाहणे’ असे स्वतःलाच दिलेले निरोप, सारे पुसले गेले होते. त्या अ‍ॅपने माझे टिपण पीडीएफमध्ये लिहिलेच नव्हते. ते स्वतःच्या खाजगी कोठारात ठेवले होते आणि ते कोठार टॅबलेटबरोबर गेले.

पीडीएफवर टिपणे काढण्यासाठी कोणते अ‍ॅप चांगले, असे अनेकजण विचारतात. नावे पुढे सांगतो. त्याआधी थोडा इतिहास, कारण नोंद कुठे राहते हा प्रश्न टॅबलेटपेक्षा फार जुना आहे.

सुमारे १६३७. फ्रान्समधील पिएर द फेर्मा हा व्यवसायाने कायद्याचा माणूस, छंदाने गणिती. डायोफँटसच्या ‘अरिथमेटिका’ची १६२१ची आवृत्ती त्याच्यापाशी होती. तिच्या समासात त्याने एक विधान लिहिले आणि पुढे नोंदवले की याची सुंदर सिद्धता सापडली आहे, पण ती या समासात मावणार नाही. ही गोष्ट तुम्हांला ठाऊक असेल. पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. फेर्मा १६६५ साली वारला आणि त्याची ती प्रत पुढे हरवली. आज ती कुठेच नाही. तरीही नोंद टिकली, कारण त्याचा मुलगा क्लेमाँ-साम्युएल याने १६७० साली वडिलांच्या समासटिपांसह तो ग्रंथ पुन्हा छापला. आजच्या भाषेत त्याने नोंदी ‘एक्स्पोर्ट’ केल्या. तेवढे केले नसते, तर अँड्र्यू वाइल्स यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या सिद्धतेला प्रश्नच उरला नसता.

दुसरे उदाहरण मला अधिक प्रिय आहे. कोपर्निकसचा १५४३चा ग्रंथ कोणी वाचलाच नाही, असे आर्थर कोस्लर यांनी १९५९ साली लिहून टाकले होते. १९७० साली ओवेन गिंगरिच यांना एडिंबरो येथे त्या ग्रंथाची एक प्रत दिसली. विटेनबर्गचे प्राध्यापक एरास्मुस राइनहोल्ड यांची ती प्रत समासभर टिपणांनी भरलेली होती. गिंगरिच यांनी मग तीसेक वर्षे जगभर हिंडून पहिल्या दोन आवृत्त्यांच्या सुमारे सहाशे प्रती पाहिल्या. एका प्रतीतली टिपणे दुसऱ्या प्रतीत उतरलेली त्यांना आढळली. गुरूच्या समासातले शिष्य आपल्या समासात लिहून घेत होते. ग्रंथ वाचला गेला होता, याचा पुरावा छापील मजकुरात नव्हता, शेजारच्या कोऱ्या जागेत होता. राइनहोल्ड यांची टिपणे गणिती प्रकरणांत दाट आहेत आणि सूर्यकेंद्री विश्वाच्या आरंभीच्या मांडणीपाशी तुरळक, हे तर एका वाचकाच्या मनाचे चित्रच आहे.

आपल्या पोथ्यांतही समास आहेच. लिहिताना एखादा शब्द सुटला, तर तिथे काकपदाची खूण करून तो शब्द कडेला लिहीत. चुकलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ फासत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. (पिवळा रंग आपल्या पूर्वजांनी पुसायला वापरला आणि आपण ठळक करायला वापरतो, याची मला अजूनही गंमत वाटते.) पण इथे उलटा धोका होता. पुढचा नकलनवीस कडेची दुरुस्ती आणि कडेचे स्पष्टीकरण यांत नेहमीच फरक करीत नसे. वाचकाची टीप मूळ संहितेत शिरे आणि पुढच्या प्रतीत ती ओळखूही येत नसे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत सुकथनकर आणि नंतरचे संपादक अशीच भर वेगळी काढत बसले होते. ते काम १९६६ साली पुरे झाले.

तेव्हा नोंदीला दोन भये: पानापासून तुटण्याचे आणि पानात विरघळण्याचे. आता पीडीएफकडे येऊ. अडोबीने हे स्वरूप १९९३ साली आणले, २००८ साली ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. त्यात पानाचा मजकूर आणि त्यावरची नोंद या एकाच फायलीत, पण स्वतंत्र वस्तू म्हणून राहू शकतात. नोंदीला जागा, रंग, लेखकाचे नाव, तारीख असे सारे देता येते. खरा समास हाच. अ‍ॅपने नोंद फक्त आपल्या कोठारात ठेवली, तर ती तुटण्याची भीती. ‘फ्लॅटन’ केले, तर ती पानात विरघळते. दिसते, पण वेगळी काढता येत नाही.

अ‍ॅक्रोबॅट रीडर आणि झोडो नोंदी फायलीतच लिहितात. झोटेरो त्या स्वतःच्या संग्रहात ठेवते, पण हे ते लपवत नाही. संगणकावरून नोंदींसह पीडीएफ बाहेर काढता येते आणि उतारे पृष्ठक्रमांकासह मिळतात. संदर्भ द्यावे लागणाऱ्यांना मी तेच सुचवीन, मात्र महिन्याकाठी एकदा निर्यात करायची या अटीवर.

कोणतेही अ‍ॅप घ्या, पहिल्याच दिवशी एक परीक्षा घ्या. एका पानावर एक ओळ रंगवा, लेखणीने एक रेघ ओढा, मराठीत एक टीप टंकित करा. मग ती फाइल दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्याच अ‍ॅपमध्ये उघडा. तिन्ही दिसतात का, खोडता येतात का, हे पाहा. जोडाक्षरेही तपासा, ‘श्रीमंत’ लिहिले तर काही ठिकाणी अक्षरे सुटी पडतात. जुन्या पुस्तकांचे स्कॅन ही निव्वळ छायाचित्रे असतात, त्यांत रंगवायला अक्षरेच सापडत नाहीत. तिथे लेखणीच चालवावी लागते; मोडी कागदांवर तर हमखास. आणि मूळ फायलीची एक कोरी प्रत बाजूला ठेवा.

माझ्या त्या खंडातली अकरा पाने मात्र वाचली. सेमिनारच्या आदल्या रात्री एका मैत्रिणीला ती नोंदींसकट मेल केली होती. तिने ती अजून खोडली नव्हती.