रुपयामागचा आणा



वालावलच्या लक्ष्मीनारायणाच्या दर्शनाला आपण कुडाळहून गाडीने जातो. तिकिटाचे पैसे दिले, की आपल्या दृष्टीने हिशेब संपला. पण ज्या रस्त्यावरून गाडी धावते, त्याचे पैसे कोणी दिले? पूर्वी कर्ली ओलांडणारा तरीचे भाडे देई आणि पैलतीरी उतरे. ज्याचा प्रवास, त्याचा खर्च. प्रवासाची सोय ही सर्वांची गरज आहे, म्हणून सर्वांनी वर्गणी द्यावी, हा विचार आपल्याकडे मागाहून आला.

मुंबई इलाख्यात १८६३ सालापासून शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा अशी लोकलफंडाची पट्टी बसू लागली. १८६९ च्या कायद्याने ती पक्की झाली. तिच्यातले दोन हिस्से रस्त्यांसाठी राखलेले असत, उरलेला एक शाळांसाठी. तरींचे उत्पन्नही लोकलफंडातच जमा होई. मालवण त्या वेळी इंग्रजी अमलात होते; वालावल सावंतवाडी संस्थानात. म्हणजे ही पट्टी मालवणच्या शेतकऱ्याची. ती देताना त्याला कोणी विचारले नाही, हे खरे. परंतु आपला आणा कशासाठी घेतला जातो, एवढे तरी ठरलेले होते.

पुढे स्वराज्य आले. १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली. दहा वर्षांनी, १९५८ साली, द्विभाषिक मुंबई राज्याने उतारूंवर कर बसविणारा कायदा केला. एस.टी.च्या भाड्यावरील हा कर दीर्घकाळ साडेसतरा टक्के होता. तो जाई राज्याच्या तिजोरीत. उलट १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्ध्या तिकिटाची सवलत मिळाली, तिची भरपाई याच तिजोरीने करावयाची. एका हाताने घेणे आणि दुसऱ्या हाताने देणे, असा हा व्यवहार. त्यात अन्याय असेलच असे नाही. पण उतारूला मात्र आपला आणा कुठे गेला हे दिसत नाही.

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत मेट्रोसाठी मुद्रांक शुल्कावर एक टक्का अधिभार बसला. करोनाच्या काळात, २०२० साली, तो दोन वर्षे थांबविला गेला आणि १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा सुरू झाला. थांबविणे आणि चालू करणे, दोन्ही सरकारी हुकुमाने झाले. घर घेणाऱ्याला त्या वेळी हिशेब दाखविला गेला असता, तर तोच टक्का कदाचित जड वाटला नसता.

अमेरिकेतील अटलांटा शहरी १९७१ साली निराळा प्रयोग झाला. सार्वजनिक वाहतुकीसाठी शेकडा एक विक्रीकर द्याल काय, असे मतदारांना विचारले. मोबदल्यात भाडे चाळीस सेंटांवरून पंधरावर आणू, असे वचन दिले. दोन परगण्यांनी होकार दिला आणि भाडे खरोखर उतरले. पुढे भाडे वाढले, कराची मुदतही एकाहून अधिक वेळा वाढविली गेली. तेथे सारे गोड झाले असे मुळीच नाही. पण सौदा उघड होता.

कोकणी माणूस देवळाच्या जत्रेची वर्गणी दरवर्षी देतो, आणि गेल्या वर्षीचा जमाखर्च ऐकल्यावाचून देत नाही. त्या हिशेबी वृत्तीला आपण कंजूषपणा म्हणत नाही. मग प्रवासासाठी घेतलेल्या कराची मुदत वाढविताना तोच प्रश्न विचारला, तर तो राज्यद्रोह कसा? कर चालू राहावा, खुशाल राहावा. मात्र नव्या मुदतीचा आणा मागण्यापूर्वी जुन्या आण्याचा जमाखर्च चावडीवर वाचला जावा, एवढेच.