२८ पट हुशार प्रोग्रामर कुठून आला?

सॉफ्टवेअर कंपनीत काम केलं असेल तर हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल: एक चांगला प्रोग्रामर दहा जणांना भारी असतो. पीएचडीला येण्याआधी मी नोकरी करत होतो तेव्हा अप्रेझलच्या मीटिंगमध्ये हे पहिल्यांदा ऐकलं. त्या वर्षी आमच्या टीममधल्या दोघांना घरी जावं लागलं. तेव्हा माझ्या मनात आलं नाही, पण आता रोज येतं: हे मोजलं कुणी? आणि कसं?

उत्तरासाठी तुम्हाला १९६० च्या दशकात, कॅलिफोर्नियातल्या सॅन्टा मोनिकाला यावं लागेल. तिथे सिस्टिम डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन नावाची संस्था होती. सॅकमन, एरिक्सन आणि ग्रँट या तिघांचा तिथला प्रयोग जानेवारी १९६८ मध्ये 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम'मध्ये छापून आला. त्यांचा प्रश्न हुशारीचा नव्हताच. टर्मिनलवर बसून थेट संगणकाशी काम करणं बरं, की प्रोग्राम जमा करून निकालाची वाट बघणं बरं, एवढंच त्यांना पाहायचं होतं. १२ अनुभवी प्रोग्रामर घेतले. प्रत्येकाला दोन कामं दिली: एक बीजगणिताचं, एक भूलभुलैयातून वाट काढण्याचं. एक काम टर्मिनलवर, दुसरं त्याशिवाय. टर्मिनलवाल्यांना चुका दुरुस्त करायला सरासरी कमी तास लागले. मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालं.

पण लोकांच्या लक्षात राहिला तो दुसराच तक्ता. बीजगणिताच्या कामात चुका काढायला एकाला ६ तास लागले, तर दुसऱ्याला १७०. म्हणजे २८ पट! पुढे १९७५ मध्ये फ्रेड ब्रूक्सच्या 'द मिथिकल मॅन-मंथ'मध्ये याच अभ्यासाच्या आधारे सरासरी दहा पटीचा आकडा आला आणि तो जगभर गेला.

आता जरा थांबा आणि तो तक्ता पुन्हा बघा. ६ तासवाला आणि १७० तासवाला एकाच परिस्थितीत काम करत होते का? नाही. टर्मिनलवाले आणि बिगर-टर्मिनलवाले एकाच रांगेत धरले होते. शिवाय काहींनी उच्चस्तरीय भाषा वापरली होती, काहींनी यंत्राच्या जवळची भाषा. म्हणजे एक एक्स्प्रेसवेवरून गेला, दुसरा घाटातून, आणि आपण म्हणालो पहिला ड्रायव्हर हुशार. १९८१ मध्ये थॉमस डिकी यांनी हा घोळ दाखवून दिला. १९९९ मध्ये जर्मनीत लुट्झ प्रेशेल्ट यांनी इतर अनेक प्रयोगांतली कामाच्या वेळेची आकडेवारी एकत्र करून सांगितलं की २८ चा आकडा चुकीचा तर आहेच, दिशाभूल करणाराही आहे. एकच सर्वांत हळू आणि एकच सर्वांत जलद माणूस धरला, की एखाद्याचा वाईट दिवससुद्धा आख्ख्या निष्कर्षावर बसतो.

इथेच आमच्या विषयातले अभ्यासाचे प्रकार कामाला येतात. सॅकमन यांचा होता तो नियंत्रित प्रयोग: एक गोष्ट बदलायची, बाकीच्या शक्यतो सारख्या ठेवायच्या. त्यांनी टर्मिनल बदललं, म्हणून टर्मिनलबद्दल बोलायचा हक्क त्यांना होता. माणसामाणसांतला फरक मोजायला तो प्रयोग आखलाच नव्हता.

दुसरा प्रकार, माणसांना हात न लावता त्यांनी मागे सोडलेल्या वस्तू तपासणं. १९७१ मध्ये डोनाल्ड नूथ यांनी फोरट्रान प्रोग्राम कसे असतात ते पाहिलं, त्यासाठी संगणक केंद्राच्या कचऱ्याच्या टोपल्यासुद्धा धुंडाळल्या! प्रोग्रामचा अगदी छोटा भाग निम्म्याहून जास्त वेळ खातो, हे त्यातून दिसलं. आज गिटहबवरचे लाखो प्रकल्प चाळणारे अभ्यास याच घराण्यातले. यात 'काय' दिसतं, 'का' ते मात्र सहज कळत नाही.

तिसरा, एकाच प्रकल्पाचा खोलवर अभ्यास, म्हणजे केस स्टडी. १९७५ मध्ये आयबीएमच्या जर्मनीतल्या प्रयोगशाळेतल्या आल्बर्ट एंड्रेस यांनी एका ऑपरेटिंग सिस्टिममधल्या चुका एकेक करून तपासल्या. जवळपास निम्म्या चुका कोड लिहिण्यातल्या नव्हत्या, मुळात प्रश्न समजून घेण्यातल्या होत्या. हे सगळ्या जगाला लागू होतं असं त्यावरून म्हणता येत नाही, पण शोधायचं कुठे हे कळतं.

आणि चौथा, आधीच झालेले अभ्यास ठरलेल्या पद्धतीने गोळा करून तपासणं. २००४ पासून बार्बरा किचनहॅम आणि सहकाऱ्यांनी वैद्यकशास्त्राकडून ही शिस्त आमच्याकडे आणली. प्रेशेल्ट यांचं काम याच वृत्तीचं.

यातला श्रेष्ठ प्रकार कोणता, असं मला नेहमी विचारतात. उत्तर एकच: तुमचा प्रश्न काय, ते आधी सांगा.

हे मी दुरून सांगत नाहीये. गेल्या वर्षी माझ्या छोट्या चाचणी-प्रयोगात दोन गटांत मोठा फरक आला आणि मी खूश होऊन गाईडकडे गेलो. मॅडमनी एवढंच विचारलं, "दोन्ही गट एकाच लॅबमध्ये बसले होते का रे?" नव्हते. एका लॅबमधली मशीन जुनी होती. तीन आठवड्यांचं काम वाया गेलं, पण छापून येण्याआधी गेलं हे नशीब.

प्रोग्रामर-प्रोग्रामरमध्ये फरक असतो, त्यात वाद नाही. पण पुढच्या वेळी मीटिंगमध्ये कुणी दहा पट म्हणालं, तर नम्रपणे विचारा: कुणाच्या दहा पट, कोणत्या कामात, आणि दोघांना मशीन सारखंच दिलं होतं का? आमच्या त्या दोघांसाठी हे तेव्हा कुणीच विचारलं नाही. मीही नाही.