मातीचा पन्हाळा

संगणकावरील खेळांत एक जात अशी आहे की तीत जिंकावयाचे असे काही नसते. माती, दगड, लाकूड आणि पाणी यांचा अमर्याद मुलूख खेळणाऱ्यापुढे टाकून दिलेला असतो, आणि त्याचे काय करावयाचे ते ज्याने त्याने आपल्या मगदुराप्रमाणे ठरवावे, एवढाच त्या खेळाचा दस्तूर. स्वीडनमधील मार्कस पर्सन या गृहस्थाने २००९ साली लोकांपुढे ठेवलेला आणि २०११ साली पूर्णरूपाने प्रसिद्ध झालेला ‘माइनक्राफ्ट’ हा या जातीचा सर्वांत नावाजलेला खेळ. त्याचे खरे वैभव मात्र कर्त्याच्या घरचे नव्हे. जगभरच्या हौशी मंडळींनी त्यात जी पदरची भर घातली, आणि जिला खेळणारी पोरे ‘मॉड’ म्हणतात, तिच्या जोरावर तो फोफावला. कोणी अग्निमुखी व्याल आणून सोडले, कोणी मांत्रिक आणि त्यांचे मठ वसविले, कोणी तलवारींच्या शंभर तऱ्हा घडविल्या. मग अशा विखुरलेल्या भरींतून परस्परांशी जुळतील तेवढ्या निवडून, त्यांचा एक संग्रह बांधून, त्यात शिरणाऱ्याला योद्धा, जादूगार किंवा धनुर्धर यांपैकी एक सोंग देणारे कल्पक संपादकही निपजले.

या सोंगांच्या खेळाची वंशावळ पाहू गेल्यास ती यंत्रापर्यंत न थांबता मातीपर्यंत जाते. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा सोंगे घेऊन खेळण्याचा खेळ छापून काढला, तो मेजावर चिमुकले सैनिक मांडून लुटुपुटीच्या लढाया करणाऱ्या मंडळींच्या बैठकीतून उपजलेला होता. आणि त्या बैठकींचे मूळ शोधीत मागे गेल्यास प्रशियातील राइसविट्झ या अंमलदाराची गाठ पडते. त्याने प्रथम वाळूत टेकड्या आणि नद्या उठवून युद्धाचा खेळ मांडला, पुढे १८१२ च्या सुमारास तो राजास नजर करताना भूभागाचे चौकोनी तुकडे जुळवावयाचे मेज तयार करविले, आणि त्याच्या मुलाने १८२४ साली त्याचे नियम छापून प्रसिद्ध केले. चौकोनी तुकड्यांचा मुलूख, त्यावर वावरणाऱ्या बाहुल्या, आणि प्रत्येक बाहुलीमागे तिच्या वतीने विचार करणारा जिवंत मनुष्य, हा सगळा सरंजाम याप्रमाणे दोनशे वर्षांचा जुना आहे.

करवीर नगरीतल्या, म्हणजे कोल्हापुरातल्या, पोरांना यातले काहीच नवे वाटू नये. सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर पडला की शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ येथल्या बोळांतून मातीच्या पाट्या वाहणारी जी फौज हिंडू लागते, ती वसुबारसेच्या आत अंगणात, कट्ट्यावर, आणि जागा नसेल तर जिन्याखालीसुद्धा, एक किल्ला उभा करते. महाराष्ट्रभर चालत आलेला हा दिवाळीचा रिवाज. पण ज्या शहराच्या वायव्येस वीसेक किलोमीटरांवर पन्हाळा उभा आहे, आणि ज्याच्या मुलखात विशाळगड, भुदरगड, रांगणा, सामानगड, पारगड अशी गडांची रांगच लागलेली आहे, तेथे त्याला काही वेगळाच रंग चढावा यात नवल नाही.

किल्ल्याचे बांधकाम हे शास्त्र आहे, आणि ते थोरल्या भावाकडून धाकट्याकडे तोंडी जाते. आत विटांचे तुकडे, दगड, फुटके डबे आणि मोडकी घमेली रचून डोंगराचा सांगाडा करावयाचा. त्यावर जुनी पोती चिखलात बुचकळून अंथरावयाची, म्हणजे सुळके आणि सोंडा आपोआप पडतात. मग हाताने थापून कडे तासावयाचे. पंचगंगाकाठची काळी माती मऊ खरी, पण वाळली की तडकते, आणि पाडव्याच्या दिवशी बुरूज उभा चिरला तर आठवड्याचे कष्ट फुकट. म्हणून जाणती पोरे पन्हाळा-जोतिबाच्या अंगाची तांबडी माती मिळविण्याची खटपट करतात. अळीव तीन-चार दिवस आधी भिजवून उतारावर पेरावे लागते. ते बुळबुळीत बी कड्याला असे घट्ट चिकटते की पाण्याच्या हबक्यानेही ओघळत नाही, आणि लक्ष्मीपूजनापर्यंत सगळा डोंगर कोवळ्या हिरव्या लवीने झाकून जातो. तळ्याच्या जागी परात पुरावयाची की आरशाचा तुकडा ठेवावयाचा, हा मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचा वाद असून त्याचा निकाल अद्याप लागलेला नाही.

या कामात पोरांची जी वाटणी होते ती पाहण्यासारखी असते. कोणी एक न निवडता धनी होतो. एकाकडे माती आणि पाण्याचा पुरवठा, एकाकडे वर्गणीचा हिशेब, एकाकडे रात्री कुत्र्यांपासून किल्ला राखण्याची जोखीम. शिवकालीन गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन अंमलदार ठेवून, एकाच्या हाती शिबंदी आणि किल्ल्या, दुसऱ्याच्या हाती दफ्तर, तिसऱ्याच्या हाती कोठाराचा जमाखर्च, असा बंदोबस्त असे, की कोणा एकट्याच्या फितुरीने गड जाऊ नये. पोरांना ही व्यवस्था कोणी शिकवीत नाही. तरी वर्गणीचे पैसे आणि फटाक्यांची पेटी एकाच्याच ताब्यात देऊ नये, एवढे राज्यशास्त्र त्यांना उपजत कळते.

खऱ्या गडांवरची ही व्यवस्था कशी मोडली, ही कथा मात्र खेळातली नाही. १८३८ साली करवीरचे शहाजी महाराज निवर्तल्यावर गादीवर अल्पवयीन राजे आले, आणि इंग्रजांनी कारभारावर दाजी कृष्ण पंडित यांची नेमणूक केली. गडांच्या रखवालीबद्दल गडकऱ्यांकडे पिढीजाद चालत आलेल्या जमिनी त्यांनी महसुलाची शिस्त लावण्याच्या भरात मामलेदारांच्या अंमलाखाली आणल्या. दफ्तरात ही एक साधी दुरुस्ती. गडकऱ्याच्या दृष्टीने मात्र त्याच्या वतनाचा, मानाचा आणि गडाशी असलेल्या नात्याचाच तो उच्छेद होता. १८४४ साली सामानगडाच्या लोकांनी दरवाजे लावून घेतले, भुदरगड उठला, साताऱ्याचे रेसिडेंट कर्नल ओव्हान्स बंडवाल्यांच्या हाती सापडून पन्हाळ्यावर अटकेत पडले; आणि वर्ष संपता संपता इंग्रजांच्या तोफांनी पन्हाळा घेतला तेव्हा शिबंदी बरखास्त झाली आणि तटबंद्या व दरवाजे पाडण्यात आले. पन्हाळ्याचा चार दरवाजा त्या वेळी जो गेला तो गेलाच. गड राबता राहिला नाही. तो उरला बखरीत, पोवाड्यात आणि पोरांच्या अंगणात.

अंगणातल्या गडाची शिबंदी पुरविण्याचे काम कुंभाराचे. शाहूपुरीची कुंभार गल्ली, गंगावेस आणि बापट कॅम्प या वस्त्यांत गणपती उठले की त्याच हातांनी पणत्या आणि मावळे घडू लागतात. पूर्वीची चित्रे मातीची, हाताने वळून भाजलेली; प्रत्येकाचा तोंडवळा निराळा. पुढे प्लास्टर ऑफ पॅरिस आले आणि दोन फाळक्यांच्या साच्यातून एकाच आईची शेकडो लेकरे बाहेर पडू लागली. साच्याची शीव मावळ्याच्या कानामागून खांद्यावर उतरते, ती घासून टाकावयाची. मग गुलाबी तोंड, तांबडे मुंडासे, पिवळा कमरबंद, आणि शेवटी बारीक कुंचल्याचा एकच फटकारा ओढून मिशी. मिशी काढणारा हात घरातला सर्वांत जुना असतो, कारण ती चुकली की मावळ्याचा चेहरा रडवा होतो. सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराज, तोफ आणि गोलंदाज, भालदार-चोपदार, तुतारीवाला, हा मुख्य सरंजाम. त्यामागून वाघ, ओझे वाहणारी बैलगाडी, जात्यावर बसलेली बाई, भाजीवाली, पेटी घेतलेला न्हावी आणि पैलवानांची जोडी. कोल्हापुरात पैलवानांस मागणी असावयाचीच.

मावळ्याच्या या पोशाखावर सिनेमाची छाया पडलेली आहे असे मला नेहमी वाटत आलेले आहे, आणि कोल्हापुराविषयी बोलताना ते म्हणणे वावगे ठरू नये. बाबुराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने ‘सिंहगड’ हा मूकपट १९२३ साली येथेच काढला. त्यात शेलारमामाचे काम शांताराम वणकुद्रे या तरुणाने केले, ज्याला पुढे सगळा देश व्ही. शांताराम म्हणून ओळखू लागला. त्यानंतर भालजी पेंढारकरांनी जयप्रभा स्टुडिओच्या आवारात शिवकाल इतक्यांदा उभा केला आणि पुन्हा उतरविला की ज्या शहरात दिवाळीची पोरे किल्ले बांधीत होती, त्याच शहरात थोर माणसेही पोटापाण्यासाठी तेच करीत होती असे म्हणावे लागेल.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेखप्रपंच, तिकडे वळतो. किल्ल्यावर महाराज सर्वांत उंच बसणार आणि दारावर मावळे उभे राहणार, एवढे दोन कायदे पाळले की बाकीच्या मुलखात काय वसवावे याला पोरांच्या राज्यात मनाई नव्हती. म्हणून पायथ्याच्या खेड्यात ट्रॅक्टर असे, चौकात शिट्टी फुंकणारा वाहतुकीचा शिपाई असे, एका सपाटीवर क्रिकेटचा सामना रंगे, गुहेत दरवाजाहून मोठा वाघ बसे आणि बोगद्यातून किल्लीची आगगाडी बाहेर पडे. गेल्या वर्षीच्या वाचलेल्या बाहुल्या, मामाने मुंबईहून आणलेले प्लास्टिकचे सैनिक, बहिणीच्या भातुकलीतली भांडी, असा तो संग्रह वर्षानुवर्षे वाढत जाई. परक्या हातांनी घडविलेल्या बेजोड वस्तू एका जगात नांदवावयाच्या आणि त्या जगाला एक कथाही द्यावयाची, हे जे कसब संगणकापुढील आजचा संग्राहक मिरवितो, ते येथे गल्लीतल्या दहा वर्षांच्या पोराला होते. फरक इतकाच की संगणकात दोन भरींचे जमले नाही तर खेळच बंद पडतो; अंगणात मावळा आणि वाहतुकीचा शिपाई कधीही एकमेकांच्या आड आले नाहीत.

कथेची बाजूही कमी नव्हती. किल्ला बघण्यास येणाऱ्याला पोर हाक मारते, “काका, बघून जावा की,” आणि हातात छडी घेऊन सुरू होते: हा सिद्दी जौहरचा वेढा, ही राजदिंडी, हितनं म्हाराज गेलं, ह्यो शिवा काशीद, ही घोडखिंड. पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज निसटले ती १६६० च्या जुलैतली रात्र, पालखीतून शत्रूकडे गेलेला प्रतिशिवाजी आणि खिंड अडवून उभे राहिलेले बाजीप्रभू, हे सगळे ऐन दिवाळीत, हातभर डोंगरावर, छडीच्या टोकाने घडते. आणि सांगणारा बाजीप्रभूपाशी आला की त्याचा आवाज त्याच्या नकळत बदलतो. पावसाळ्यात पन्हाळ्याहून त्याच घोडखिंडीकडे, म्हणजे पावनखिंडीकडे, चिखल तुडवीत जे हजारो लोक दरसाल चालत जातात, त्यांतल्या पुष्कळांनी तो रस्ता प्रथम असाच छडीच्या टोकाने पाहिलेला असतो.

अलीकडे या रिवाजावर स्पर्धेचा अंमल बसला आहे. तरुण मंडळे आणि संस्था बक्षिसे लावतात, परीक्षक गल्लोगल्ली फिरतात, आणि ‘हुबेहूब प्रतिकृती’ हा गुणांचा मुख्य रकाना झाल्यामुळे ट्रॅक्टर आणि क्रिकेटवाले हद्दपार होऊन नकाशे, मोजमापे आणि थर्मोकोल यांचे राज्य आले आहे. यातून काही मुलांना दुर्गांचा खरा अभ्यास घडतो, हे नाकारण्याचे कारण नाही. युनेस्कोने २०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा जागतिक वारशात समावेश केला आणि त्यांत पन्हाळा आला, तेव्हापासून या अभ्यासाला जोरही चढला असणार. परंतु हुबेहूब पन्हाळा म्हणजे कोणता? शिलाहार भोजाने बाराव्या शतकात वसविलेला, की सज्जा कोठी आणि फारसी शिलालेखाचा तीन दरवाजा मिरविणारा आदिलशाहीचा, की १६७३ साली कोंडाजी फर्जंदाने अवघ्या ६० माणसांनिशी पुन्हा मिळविलेला, की १७८२ पर्यंत करवीर राज्याची राजधानी असलेला, की कवी मोरोपंत जेथे जन्मले तो, की चार दरवाजा गमावून थंड हवेचे ठिकाण बनलेला? प्रत्येक राजवटीने पन्हाळ्यात आपापली भर घातली आणि आधीचे पुरते पुसून टाकले नाही, म्हणून तो आज पाहण्यासारखा आहे. पोरांचा जुना किल्ला या अर्थाने पन्हाळ्याची अधिक प्रामाणिक प्रतिकृती होता.

याच कोल्हापूरच्या गादीच्या पदरी रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५-१६ च्या सुमारास ‘आज्ञापत्र’ लिहिले. त्यातील दुर्गांचे प्रकरण कोणाही परीक्षकाने हाती बक्षिसांची यादी घेण्यापूर्वी वाचावे. समोरचा डोंगर तोफेच्या माऱ्यात असू नये, दरवाजा समोरून दिसू नये, ही युद्धाची पथ्ये त्यात आहेतच. पण त्याच गांभीर्याने अमात्य हेही सांगतात की गडावर फळझाडे लावावीत, केर जागोजाग साठू न देता जाळावा, आणि त्याची राख परसांत घालून घरोघर भाजीपाला करावा. म्हणजे गडावर बायकामुलांचे संसार आणि परसातली भाजी यांना तटाबुरुजांइतकाच हक्क आहे, असे ज्याने दुर्गशास्त्र लिहिले त्याचेच मत. भाजीवाली आणि जात्यावरची बाई मांडून वर अळीव पेरणाऱ्या पोराचे गुण कापण्याचा अधिकार मग कोणाला पोहोचतो, ते मंडळांनी पुढच्या दिवाळीआधी ठरवावे.