मोर्तब आणि सातबाऱ्यावरचं प्रश्नचिन्ह

मंडळी, गेल्या वेळी आपण मोडी कागदांवरच्या शिक्क्यांपाशी थांबलो होतो. शिवकालातल्या बऱ्याच पत्रांच्या माथ्यावर मोठा शिक्का असे आणि मजकूर संपला तिथे लहान मोर्तब. मोर्तब कशासाठी? त्याच्याखाली कुणी एखादी ओळ घुसडू नये म्हणून. कागदाचे बंद एकाला एक डकवले, तर सांध्यावर पाठीमागून पुन्हा शिक्का. म्हणजे प्रश्न दोनच होते: कागद कुणाचा, आणि मधे कुणी हात लावला का?

हेच प्रश्न यंदा पेरणीच्या तोंडावर आमच्यापुढे आले. जिंतूरकडचा एक शेतकरी, आमचाच जुना विद्यार्थी, सातबारा उतरवून घेऊन आला. 2018 पासून आपल्याकडे डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. त्याची फाइल संगणकावर उघडली, तर सहीपाशी पिवळं प्रश्नचिन्ह. पीककर्जाच्या टेबलावरून ‘सही खोटी आहे’ म्हणून त्याला परत पाठवलं होतं.

सही खोटी नव्हती. ती होते कशी, ते बघा. फाइलमधल्या सगळ्या मजकुरातून गणितानं एक छोटा ठसा काढतात. गट नंबरातला एक आकडा बदलला, तरी ठसा पार बदलतो. सही करणारा त्या ठशावर आपली गुप्त किल्ली चालवतो. जोडीची जाहीर किल्ली घेऊन कुणीही तपासावं. डिफी आणि हेलमन यांनी ही कल्पना 1976 साली मांडली. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी ती गणितात बसवून दाखवली. आपल्याकडे 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानं अशा सहीला मान्यता दिली. सॉफ्टवेअर उतरवताना करायची तपासणी हीच. तिथे तलाठ्याच्या जागी कंपनी असते, एवढंच.

मग प्रश्नचिन्ह का? जाहीर किल्ली खरंच त्या अधिकाऱ्याची आहे, याला प्रमाणपत्र लागतं. ते देणाऱ्या संस्थेलाही वरचं प्रमाणपत्र लागतं. असं चढत चढत टोकाला भारत सरकारच्या प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकांचं मूळ प्रमाणपत्र येतं. त्यावर सही कुणाची? त्याची स्वतःचीच! आमच्या संगणकात हे मूळ विश्वासाच्या यादीत नव्हतं, म्हणून तो म्हणत होता, ‘मला माहीत नाही’. ‘माहीत नाही’ आणि ‘खोटं’ यांतला फरक आम्ही तीसेक वर्षं वर्गात शिकवला. टेबलापलीकडे काही तो पोचला नव्हता.

नैयायिक म्हणत, ज्ञानाचं प्रामाण्य परतः, म्हणजे बाहेरून ठरतं. मीमांसक विचारत, त्या बाहेरच्याला प्रमाण कोण? अनवस्था होईल! यंत्रसुद्धा शेवटी मीमांसकांच्या दारात येऊन बसतं, याची आम्हाला गंमत वाटली.

मूळ प्रमाणपत्र नियंत्रकांच्याच संकेतस्थळावरून घेतलं, यादीत घातलं. हिरवी खूण आली. पण छापलेल्या कागदावरची खूण म्हणजे नुसतं चित्र. तिथे खालचा पडताळणी क्रमांकच तपासावा लागतो, हेही त्याला सांगितलं.

तो मात्र खुणेकडे बघत नव्हता. वडील गेल्यावर आईचं नाव चढायला हवं होतं, ते अजून चढलेलं नव्हतं. फाइलला कुणी हात लावलेला नव्हता. नाव मुळातच नव्हतं. वारस नोंदीचा अर्ज आम्ही त्याच संध्याकाळी लिहायला बसलो.